यादी लांबली म्हणून ओढा सुधारला, असे नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका ओढ्याच्या पर्यावरणीय पाहणीची बातमी वाचली. पहिल्या पाहणीपेक्षा दुसऱ्या पाहणीत वनस्पतींच्या आणि कीटकांच्या प्रजाती जास्त सापडल्या, म्हणून तिथली परिस्थिती सुधारते आहे, असा बातमीचा सूर होता. मथळाही तसाच होता. बातमीदाराने अहवालातले प्रामाणिकपणे मांडले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ‘प्रजाती वाढल्या, म्हणजे परिस्थिती सुधारली’ ही जी मधली उडी आहे, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवेना.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. नोकरीतली तेरा आणि ही सहा, अशी एकोणीस वर्षे मी एकाच ओढ्याच्या काठावरच्या वीस ठरलेल्या चौकटींमधल्या वनस्पती मोजते आहे. चौकट एक मीटर बाय एक मीटरची, चारही कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या, मध्ये सुतळी. वनस्पतींबरोबर ओढ्यातले किडेही मी नोंदवते. तेरा वह्या भरल्या आहेत. या पत्रात लिहिते आहे ते बहुतेक त्या वह्यांनीच मला शिकवले.

सुरुवात एका दगडापासून करते. ओढ्याच्या वरच्या अंगाला, पाणी खळाळत जाते तिथे, तळहाताएवढा दगड हळूच उचलून उलटा करावा. ओल्या दगडाला एक चपटा जीव घट्ट चिकटलेला दिसतो, शेपटीकडे तीन बारीक केस. तो मेफ्लाय या नाजूक पंखांच्या कीटकाचा बाल्यावस्थेतला जीव. भिंगातून पाहिले तर पोटाच्या दोन्ही बाजूंना पातळ पाकळ्यांसारखे कल्ले दिसतात आणि ते सारखे फडफडत असतात. त्याच दगडावर वाळूच्या कणांची एक इवली नळी असते. कॅडिस माशीची अळी स्वतःच्या रेशमाने एकेक कण चिकटवून ती बांधते आणि आत राहते. नळीच्या तोंडातून डोके बाहेर येते, उजेड लागला की आत जाते. आता तोच ओढा खाली उतरत जा. सांडपाण्याचा नाला जिथे मिळतो त्याच्या खाली तेवढाच दुसरा दगड उलटा करा. हाताला बुळबुळीत करडा थर लागतो, खालचा गाळ काळा, आणि गाळात लाल अळ्या वळवळत असतात. या चावा न घेणाऱ्या एका डासासारख्या माशीच्या अळ्या. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लाल दिसतात, आणि म्हणूनच प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही तग धरतात. क्वचित त्यांच्या सोबतीला लांब शेपटीची एक पांढरट अळी असते. ती शेपटी म्हणजे श्वासाची नळी. पाण्यात प्राणवायू नसला तरी तिला फरक पडत नाही, ती वरच्या हवेतून श्वास घेते.

दोन दगड, आणि पाण्याबद्दल जे कळायचे ते कळते. तपासणीसाठी बाटली भरून नेतात ती सकाळी अकरा वाजता. नाल्यात घाण सोडली जाते रात्री. बाटली त्या एका क्षणापुरते बोलते, आणि त्या क्षणाबद्दल खरेच बोलते. पण दगडाखालचा जीव गेले कित्येक महिने तिथेच आहे. रात्रीही तो तिथेच होता. कल्ले फडफडवणारा जीव जिवंत असेल तर त्या सगळ्या रात्री पाण्यात पुरेसा प्राणवायू होता. वनस्पती आणि कीटक यांच्या नोंदींवरून परिस्थिती ओळखता येते ती एवढ्याच कारणाने. ते तिथे राहतात, आणि जे झाले ते सगळे सोसून राहतात.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०८ आणि १९०९ साली अशी मांडणी केली की घाण पाण्यात कोण राहते आणि स्वच्छ पाण्यात कोण राहते, यावरून पाण्याची प्रत ठरवता येते. पुढे ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाण्यातल्या किड्यांच्या एकेका कुळाला १ ते १० गुण देण्याची पद्धत तयार झाली. बहुतेक स्टोनफ्लाय (स्वच्छ, वाहत्या पाण्यात वाढणारे कीटक) आणि वाळूची घरे बांधणाऱ्या कॅडिसची बरीच कुळे दहा गुणांची. लाल अळ्यांच्या कुळाला दोन, गाळातल्या गांडूळवर्गी कृमींना एक. मेफ्लाय म्हणजे सगळे दहा गुणांचेच असेही नाही, त्यातल्या एका सोशिक कुळाला चारच गुण आहेत.

या पद्धतीतली एक खोच मला फार महत्त्वाची वाटते. गुणांची नुसती बेरीज करून थांबत नाहीत. बेरजेला कुळांच्या संख्येने भागून सरासरीही काढतात. समजा, वरच्या अंगाला आठ कुळे सापडली आणि गुणांची बेरीज ५६ आली. सरासरी सात. खालच्या अंगाला चौदा कुळे सापडली, बेरीज ४९. सरासरी साडेतीन. खाली कुळे जवळजवळ दुप्पट आहेत, आणि तरी ओढ्याचा तोच भाग आजारी आहे. नुसती कुळे मोजून मथळा दिला असता तर तो नेमका उलटा आला असता.

वनस्पतींच्या बाबतीत हीच गोष्ट हाईन्झ एलेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९७४ साली पद्धतशीर मांडली. मध्य युरोपातल्या वनस्पतींना त्याने उजेड, तापमान, ओलावा, मातीची आम्लता, नत्र अशा एकेका गोष्टीसाठी अंक दिले. बहुतेक मापे १ ते ९, ओलाव्याचे मात्र १ ते १२, कारण तिथे पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींपर्यंत जावे लागते. नत्राच्या मापात दवबिंदूसारखी कीटकभक्षी वनस्पती अगदी खालच्या टोकाला, आणि खाजरी नेटल वरच्या टोकाला. मग एखाद्या चौकटीतल्या सगळ्या वनस्पतींच्या अंकांची, प्रत्येकीने किती जागा व्यापली आहे त्या प्रमाणात, सरासरी काढायची. माती खणून प्रयोगशाळेत न पाठवता तिथे नत्र साचते आहे का, ओल कमी होते आहे का, याचा अंदाज येतो. दोन गोष्टी मात्र विसरायच्या नाहीत. हे अंक मध्य युरोपासाठी आहेत, दुसऱ्या हवामानात ते जसेच्या तसे उचलून लावता येत नाहीत, तिथे त्यांची नव्याने पारख करावी लागते. आणि अंक म्हणजे क्रम आहे, मोजमाप नाही. सहा अंकाच्या मातीत तीन अंकाच्या मातीच्या दुप्पट नत्र असते, असे म्हणता येत नाही.

आता माझ्या सात नंबरच्या चौकटीबद्दल सांगते, कारण बातमी वाचताना पहिल्यांदा तीच आठवली. पातळ, ओलसर, कस नसलेली माती. तिथे अकरा प्रजाती होत्या, त्यांत दवबिंदू आणि सीतेची आसवं. अशा मातीत अन्नद्रव्ये इतकी कमी असतात की या दोघी बारीकसारीक जीव पकडून आपली गरज भागवतात. एका उन्हाळ्यात कुणीतरी शेजारी बांधकामाची माती आणून टाकली, पावसात ती ओघळून चौकटीत आली. त्या वर्षी मी मोजले तेव्हा एकोणीस प्रजाती निघाल्या. गाजरगवत, टाकळा, लव्हाळा, घाणेरीचे रोपटे, आणखी काही. सगळ्या उकरलेल्या, खत लागलेल्या मातीत येणाऱ्या. दवबिंदू त्या वर्षी दोन रोपे होती, पुढच्या वर्षी एकही नाही. सीतेची आसवं तर लगेच गेली. अकरावरून एकोणीस. नुसता आकडा कुणाच्या हातात दिला असता तर माझी सगळ्यात बिघडलेली चौकट सगळ्यात सुधारलेली ठरली असती.

अर्थात दर वेळी असेच होते असे नाही. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड इथे १८५६ पासून एका गवताळ पट्ट्यावर आजतागायत प्रयोग चालू आहे. त्याच्या खत न मिळालेल्या तुकड्यांत तीसचाळीस प्रजाती नांदतात, आणि अमोनियम सल्फेट मिळालेल्या पण चुना न मिळालेल्या तुकड्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिथे बिघाड झाला तशी संख्याही घटली. माझ्या चौकटीत उलट. म्हणून तर म्हणते, संख्येकडे आधी बघायचेच नाही. आधी नावे बघायची.

दगडफुलांची गोष्ट याहून बोलकी आहे. दगडफुलाला मुळे नाहीत, पानांवर असते तशी मेणचट कातडी नाही. हवेतून आणि पावसातून जे येईल ते सरळ आत जाते. पॅरिसमधल्या एका बागेत शहराच्या इतर भागांपेक्षा दगडफुले जास्त आहेत, हे निलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ साली नोंदवले आणि त्याचा संबंध हवेच्या शुद्धतेशी जोडला. ब्रिटनमध्ये कोळशाच्या धुराच्या काळात लेकॅनोरा कोनिझिऑइडीस नावाचे एक करडे-हिरवे दगडफूल शहरांतल्या झाडांवर माजले होते, कारण गंधकाचा धूर सोसणारे ते जवळजवळ एकटेच होते. धूर कमी झाला तसे ते दिसेनासे होत गेले. म्हणजे एक प्रजाती दुर्मिळ झाली, आणि ती चांगली बातमी होती! आणि आता त्याच झाडांवर झँथोरिया नावाचे पिवळ्या-नारिंगी रंगाचे दगडफूल वाढताना दिसले, तर त्याचा अर्थ हवेतला अमोनिया वाढला असाही असू शकतो. नाव बघितल्याशिवाय यातले काहीच कळणार नाही.

दुसरी गोष्ट कष्टांची. किती कष्ट घेतले हे सांगितल्याशिवाय किती सापडले याला अर्थ नाही. आठव्या वर्षी माझ्याबरोबर एक विद्यार्थिनी यायला लागली. तिची नजर फार तीक्ष्ण होती आणि तिला गवते ओळखण्याचा नाद होता. मी तोवर ज्यांना ‘बारीक गवत’ म्हणून एका ओळीत बसवत होते, त्यांच्यात तिने फुलोऱ्यावरून वेगवेगळ्या प्रजाती दाखवल्या. त्या वर्षी माझी यादी नऊने वाढली. ओढ्याकाठी एकही नवी वनस्पती आलेली नव्हती. ती नऊ वाढ आमच्या डोळ्यांची होती. त्या वर्षाच्या पानावर मी लाल शाईने तसे लिहून ठेवले आहे, आणि जुन्या वर्षांशी तुलना करताना आजही ती सगळी गवते पुन्हा एका ओळीत घेते. बातमीतल्या दोन पाहण्या एकाच माणसांनी केल्या होत्या का? दोन्ही एकाच महिन्यात झाल्या का? किती फेऱ्या मारल्या? बातमीत यातले काही नव्हते, आणि माझा अंदाज असा की अहवालातही नसावे. असते तर बातमीदाराने ते वाचले असते.

याने किती फरक पडतो ते साध्या गणिताने सांगते. एखादा चतुर ओढ्यावर राहतो, पण एका फेरीत तो दिसण्याची शक्यता निम्मीच धरा. एका फेरीत तो निसटण्याची शक्यता दोनात एक, तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची आठात एक, सहा फेऱ्यांत चौसष्टात एक. आता समजा तिथे अशा ४० प्रजाती आहेत. एकाच फेरीच्या पाहणीत सरासरी २० दिसतील, सहा फेऱ्यांच्या पाहणीत ३९ च्या आसपास. आकडा जवळजवळ दुप्पट झाला आणि ओढ्यात काडीचाही बदल नाही. म्हणून दर फेरीत काय दिसले आणि काय दिसले नाही, हे वेगळे लिहायचे असते. तशी नोंद असली की दिसण्याची शक्यता किती होती तेही काढता येते आणि खरी व्याप्ती किती हेही. २००२ पासून या हिशेबाच्या चांगल्या पद्धती हाताशी आहेत. न दिसल्याची नोंद ही सुद्धा नोंदच, हे विद्यार्थ्यांना पटवायला मला सर्वात जास्त वेळ लागायचा.

आपली यादी किती अपुरी आहे हे यादीच थोडेफार सांगते. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांनी १९८४ साली एक सोपे सूत्र दिले. ज्या प्रजातींचा एकच जीव सापडला त्यांची संख्या स्वतःशी गुणायची, आणि ज्यांचे दोनच जीव सापडले त्यांच्या संख्येच्या दुपटीने भागायचे. एकट्या बारा आणि जोडीच्या चार असतील तर १४४ भागिले ८, म्हणजे निदान १८ प्रजाती अजून नजरेआड आहेत. ज्या यादीत एकेकदाच दिसलेली नावे खूप, ती यादी अजून पुरी व्हायची आहे.

कीटकांच्या बाबतीत तर सापळाही बोलतो. जमिनीत पुरलेल्या पेल्यात पडणारे भुंगे किती आहेत यापेक्षा ते किती फिरतात हे आधी सांगतात. उष्ण दिवशी जास्त फिरतात, दाट गवतात कमी. दिव्याच्या सापळ्यात चांदण्या रात्री पतंग कमी येतात. एक पाहणी पौर्णिमेला आणि दुसरी अमावास्येला केली तर पतंग वाढले असे कुणीही म्हणेल. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरे मोजतात त्यांचे नियम यासाठीच काटेकोर आहेत. ठरलेली वाट, पाच मीटर रुंदीचा पट्टा, संथ चाल, दिवसाची ठरलेली वेळ, आणि ठरावीक तापमानाखाली मोजणीच करायची नाही. हजारो हौशी लोकांनी जमवलेली माहिती तिथे उपयोगी पडते ती या कंटाळवाण्या नियमांमुळे.

२०१७ साली जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांच्या नोंदींवरून आलेला निष्कर्ष जगभर गाजला. ६३ संरक्षित जागा, २७ वर्षे, आणि उडणाऱ्या कीटकांच्या वजनात पाऊण हिश्श्याहून अधिक घट. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला तो सापळ्याची घडण आणि वजन करण्याची रीत इतकी वर्षे एकसारखी ठेवल्यामुळे. त्यातही बहुतेक जागांवर एकदोनच वर्षे सापळे लागले होते, म्हणून टीका झाली. ती योग्यच होती. पण टीका करता आली, कारण कुठे, कधी, किती दिवस सापळे लागले हे सगळे त्यांनी उघड मांडले होते. आपल्या बातमीतल्या अहवालावर मला टीकासुद्धा करता येत नाही.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आपण. भात एका भांड्यात, एका आचेवर शिजतो, म्हणून एक शीत पुरते. ओढा तसा नसतो. सावलीतला डोह वेगळा, खळाळ वेगळा, नाल्याखालचा पट्टा वेगळा. आणि काळही सारखा नसतो. काठावरचा जुना वृक्ष पन्नास वर्षांपूर्वीच्या ओलाव्याची साक्ष देतो; पाणी कधीच खाली गेले असले तरी तो अजून उभा असतो, फक्त त्याच्याखाली त्याची रोपे दिसत नाहीत. वर्षायू तण गेल्या दोन पावसाळ्यांबद्दल बोलते. दगडाखालचे किडे काही महिन्यांबद्दल. वनस्पती आणि कीटक यांचे म्हणणे जुळले नाही, तर त्यातला एक चुकला असे मी म्हणत नाही. बदल नुकताच सुरू झाला आहे असे समजते. माझ्या ओढ्यावर किडे आधी बदलले, काठच्या वनस्पती चार वर्षांनी.

माझी विनंती दोघांना आहे. अहवाल करणाऱ्यांनी यादीच्या शेजारी फेऱ्यांच्या तारखा, वेळ, माणसे, पद्धत आणि प्रत्येक प्रजातीचे प्रमाण द्यावे, न दिसलेल्यांच्या नोंदीही द्याव्यात, आणि ज्या नावांबद्दल शंका आहे त्यांचे नमुने किंवा छायाचित्रे जपून ठेवावीत. आपण बातमी देताना एवढेच विचारावे: नव्याने आलेल्या प्रजाती कोणत्या, आणि गेलेल्या कोणत्या? या दोन्हींच्या नावांची यादी पाच ओळींत मावते. त्या ओढ्याच्या अहवालातली ती पाच ओळींची यादी आपण छापलीत, तर ओढा कुठे चालला आहे ते माझ्यासारखे अनेक वाचक घरबसल्या सांगू शकतील. मूळ तक्ते मिळाले तर ते तपासून द्यायला मी आनंदाने तयार आहे. पाऊस ओसरला की माझी विसावी मोजणी सुरू होईल, त्याच्या आत मिळाले तर बरे.

आपली नम्र,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका